तालुक्याच्या ग्रंथालयात काय मिळते आणि ते कसे मिळवावे

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या किंवा लहान शहराच्या गावी जे सार्वजनिक ग्रंथालय असते, ते बहुतेक वेळा सरकारी कार्यालय नसते आणि कोणाचा खासगी व्यवसायही नसतो. गावकऱ्यांनी स्थापन केलेली, विश्वस्त संस्था म्हणून नोंदलेली, सभासदांच्या कार्यकारी मंडळाने चालवलेली आणि शासनाचे अनुदान घेणारी ती संस्था असते. वाचकांच्या मनातला बराचसा गोंधळ इथूनच सुरू होतो. ‘सरकारी आहे तर पैसे कशाला?’ असे काहींना वाटते. ‘मंडळाची संस्था आहे, आपण काय बोलणार?’ असे म्हणून काही जण गप्प बसतात. दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींमुळे वाचकाचेच नुकसान होते.

ही पद्धत कायद्यापेक्षा जुनी आहे. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ सालचे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० चे, कोल्हापूरचे करवीर नगर वाचन मंदिर १८५० चे, कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम १९६७ साली झाला आणि १ मे १९६८ पासून लागू झाला. तोवर शेकडो वाचनालये लोकवर्गणीवर उभी राहिली होती. कायद्याने ती ताब्यात घेतली नाहीत. त्यांना मान्यता आणि अनुदान देण्याची व्यवस्था केली. तमिळनाडू आणि कर्नाटक या राज्यांत ग्रंथालयांसाठी वेगळा उपकर आहे, महाराष्ट्राच्या कायद्यात तो नाही. त्यामुळे इथल्या ग्रंथालयाचा खर्च तीन गोष्टींवर चालतो: शासनाचे अनुदान, सभासदांची वर्गणी आणि देणग्या. महिन्याची वर्गणी का घेतली जाते, याचे उत्तर यात आहे. आणि अनुदान सार्वजनिक पैशातून येत असल्यामुळे सभासद नसलेल्या माणसाचाही या संस्थेवर काही हक्क आहे.

आपल्या गावातले ग्रंथालय कोणत्या प्रकारचे?

एकाच गावात ‘लायब्ररी’ किंवा ‘वाचनालय’ असे फलक चार ठिकाणी दिसतात. आत जाण्यापूर्वी ते कोणाचे आहे हे पाहून घ्यावे, कारण हक्क त्यावर ठरतात.

- मान्यताप्राप्त सार्वजनिक ग्रंथालय. फलकावर किंवा पावतीवर ‘शासनमान्य’ असा शब्द आणि अ, ब, क, ड यांपैकी वर्ग लिहिलेला असतो. ग्रंथसंख्या, नियतकालिके, कर्मचारी, कामाचे तास अशा निकषांवर हा वर्ग ठरतो आणि वर्गानुसार अनुदान मिळते. या लेखातले बहुतेक मार्गदर्शन अशा ग्रंथालयांबद्दल आहे.
- नगरपरिषदेचे किंवा नगरपंचायतीचे वाचनालय. ते स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पैशातून चालते. तक्रार असेल तर ती मुख्याधिकाऱ्यांकडे करायची.
- शासकीय ग्रंथालय. हे जिल्ह्याच्या ठिकाणी, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या अखत्यारीत असते. तालुक्याच्या वाचकालाही तिथे जाता येते.
- खासगी अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांना महिन्याच्या भाड्याने खुर्ची, दिवा, वायफाय देणारी जागा. अलीकडे यांच्या फलकावरही ‘लायब्ररी’ लिहिलेले असते, पण आत पुस्तके बहुधा नसतात. हा व्यवसाय आहे. ग्रंथालय कायद्याचा त्याच्याशी संबंध नाही. अनामत परत मिळण्यावरून होणारे वाद अशा ठिकाणी ग्राहक म्हणूनच सोडवावे लागतात.

गोव्यातल्या वाचकांसाठी चित्र वेगळे आहे. तिथे १९९३ चा स्वतंत्र ग्रंथालय कायदा आहे आणि पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही शासकीय संस्था आहे. पुढे सांगितलेल्या वर्गणीच्या आणि कार्यकारी मंडळाच्या गोष्टी तिथल्या शासकीय ग्रंथालयांना लागू होत नाहीत.

सभासद न होता काय मिळते?

मान्यताप्राप्त ग्रंथालयाने जात, धर्म, लिंग असा कोणताही भेद न करता सर्वांना प्रवेश द्यायचा असतो, आणि वर्तमानपत्रे-नियतकालिके बसून वाचण्यासाठीचा कक्ष विनाशुल्क खुला ठेवायचा असतो. हा मुक्तद्वार विभाग बहुतेक गावांत दिसतो: लांब टेबल, काठीला लावलेली वर्तमानपत्रे, सकाळी ज्येष्ठांची गर्दी. इथे बसण्यासाठी कोणी सभासद कार्ड मागत असेल, तर ते मागण्याचे कारण नम्रपणे विचारावे. नाव व सही असलेली हजेरी नोंदवही मात्र भरून द्यावी. ग्रंथालयाची दैनंदिन वाचकसंख्या त्या नोंदीतून मोजली जाते आणि तपासणीच्या वेळी ती पाहिली जाते. सही करायचा कंटाळा केला, तर वाचक येतात हेच कागदावर उरत नाही.

संदर्भग्रंथ जागेवर पाहणे, व्याख्यानाला किंवा ग्रंथप्रदर्शनाला येणे यासाठीही सहसा सभासदत्व लागत नाही. पुस्तक घरी न्यायचे असेल, तर सभासदत्व घ्यावे लागते.

बायका आणि मुली मुक्तद्वार विभागात कमी दिसतात. अनेक ठिकाणी ही खोली रस्त्याला लागून असते आणि तिथे दिवसभर पुरुषांचीच वर्दळ असते, हे त्याचे एक साधे कारण आहे. मोठ्या वर्गाच्या ग्रंथालयांत महिला विभाग असतो. तो कागदावर असून प्रत्यक्षात कुलूपबंद असेल, तर तो उघडून मागण्यात काहीही गैर नाही. तीन-चार जणींनी मिळून ठरावीक वेळ मागितली, तर ग्रंथपालालाही व्यवस्था लावणे सोपे जाते.

सभासद होताना

अर्ज छापील असतो. त्यासोबत ओळखीचा व पत्त्याचा पुरावा आणि छायाचित्र द्यावे लागते. काही ठिकाणी जुन्या सभासदाची हमी म्हणून सही मागतात. नव्याने बदली होऊन आलेल्या माणसाची गावात ओळख नसते. अशा वेळी कार्यालयाचे किंवा शाळेचे पत्र चालेल का, असे विचारावे. बहुतेक ग्रंथपाल ते मान्य करतात.

पैसे तीन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये:

1. प्रवेश शुल्क एकदाच भरायचे, ते परत मिळत नाही.
2. अनामत ही ठेव असते. सभासदत्व सोडताना ती परत मिळते.
3. वर्गणी मासिक, सहामाही किंवा वार्षिक असते. एकदम वर्षाची भरल्यास काही ठिकाणी सवलत मिळते.

या तिन्हींच्या पावत्या वेगळ्या घ्याव्यात, किंवा एकाच पावतीवर रकमा वेगळ्या दाखवून घ्याव्यात. ‘सभासद फी’ अशा एकाच मथळ्याखाली सगळी रक्कम लिहिली गेली, तर पुढे अनामत किती होती हे सिद्ध करता येत नाही. अनामतीची पावती घरच्या महत्त्वाच्या कागदांबरोबर ठेवावी.

वर्गणीचे गट विचारून घ्यावेत. साधारणतः एका वेळी किती पुस्तके आणि त्यासोबत मासिक मिळणार की नाही, यावर गट ठरतात. घरात वाचणारे चौघे असतील, तर एका कार्डावर सगळ्यांनी ओढाताण करण्यापेक्षा मुलांसाठी बालविभागाचे वेगळे सभासदत्व घेणे स्वस्त पडते आणि मुलाला स्वतःचे पुस्तक स्वतः निवडण्याची सवय लागते. वर्षभर गावात राहणार नसलेल्यांनी, म्हणजे सुट्टीत आलेली नातवंडे, प्रशिक्षणासाठी आलेले कर्मचारी यांनी, तात्पुरत्या किंवा सुट्टीतल्या सभासदत्वाची चौकशी करावी.

आणखी एक फरक लक्षात ठेवावा. वर्गणी भरून पुस्तके नेणारा वाचक आणि संस्थेच्या घटनेनुसार मतदानाचा हक्क असलेला सभासद हे दोघे एकच असतील असे नाही. आजीव, साधारण, आश्रयदाते असे सभासदांचे प्रकार घटनेत दिलेले असतात आणि कोणाला वार्षिक सर्वसाधारण सभेत मत आहे हेही तिथेच लिहिलेले असते. ज्यांना फक्त वाचायचे आहे त्यांना याने फरक पडत नाही. ज्यांना ग्रंथालय सुधारावे असे वाटते, त्यांनी मात्र अर्ज भरतानाच हे विचारून मतदानाचा हक्क देणारे सभासदत्व घ्यावे.

पुस्तक शोधणे आणि नेणे

काही ग्रंथालयांत वाचकाला कपाटांपर्यंत जाता येते, काही ठिकाणी देवघेव खिडकीवर चिठ्ठी द्यावी लागते. दुसऱ्या प्रकारात वाचकाची अडचण होते, कारण पाहिल्याशिवाय काय मागावे हेच कळत नाही. अशा वेळी एक-दोन दिवस लवकर जाऊन ग्रंथसूची पाहावी. ती वहीत असेल, कार्डांत असेल किंवा ई-ग्रंथालयासारख्या संगणकप्रणालीत असेल. मग पाच-सहा पुस्तकांची पसंतीक्रमाने यादी द्यावी. एकच नाव घेऊन गेले की ‘बाहेर गेलंय’ हे उत्तर ऐकून रिकाम्या हाताने परतावे लागते.

मांडणी दशांश पद्धतीची असेल, तर पुस्तकाच्या पाठीवरचे क्रमांक उपयोगी पडतात. मराठी साहित्य ८९१.४६ खाली असते. त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२ आणि कथा-कादंबरी ८९१.४६३. आरोग्य ६१०, शेती ६३०, पाककला ६४१.५, कायदा ३४०, चरित्रे ९२०, भारताचा इतिहास ९५४. लहान ग्रंथालयांत कथा-कादंबऱ्या बहुधा लेखकाच्या नावाने किंवा नुसत्या दाखल क्रमांकाने लावतात. तिथे ग्रंथपालाला विचारणे हाच जवळचा मार्ग.

पुस्तक घेताना ते तिथेच चाळून पाहावे. फाटलेली किंवा गहाळ पाने, कोणी पेनाने केलेल्या खुणा आढळल्या, तर ग्रंथपालाला दाखवून पुस्तकावर किंवा कार्डावर तशी नोंद करून घ्यावी. ही अर्ध्या मिनिटाची काळजी घेतली नाही, तर आधीच्या वाचकाने केलेले नुकसान आपल्या नावावर लागते. पावसाळ्यात प्लास्टिकच्या पिशवीशिवाय पुस्तक नेऊ नये. भिजलेले पुस्तक वाळवले तरी त्याला बुरशी धरते आणि ती कपाटातल्या शेजारच्या पुस्तकांनाही लागते.

पुस्तक हरवले तर लपवू नये, वर्गणी थकवून ग्रंथालयाकडे पाठ फिरवू नये. नियमानुसार किंमत भरावी किंवा त्याच आवृत्तीची नवी प्रत आणून द्यावी. पदपथावर मिळणारी छायाप्रत बांधून केलेली बनावट प्रत देऊ नये; ग्रंथालयाला ती दाखल करता येत नाही. अनेक वर्षे छापले न गेलेले पुस्तक हरवल्यास छापील किमतीपेक्षा जास्त रक्कम आकारली जाऊ शकते, आणि ते रास्तही आहे. चाळीस वर्षांपूर्वी १२ रुपये किंमत असलेले पुस्तक आज १२ रुपयांत परत मिळत नाही.

हवे ते पुस्तक नसेल तर

बहुतेक ग्रंथालयांत मागणी नोंदवही असते. फार थोडे वाचक तिच्यात लिहितात. खरेदीची यादी करताना मंडळासमोर वाचकांची मागणी नसली, तर यादी विक्रेत्याने आणलेल्या गठ्ठ्यावरून ठरते. मागणी लिहिताना पुस्तकाचे पूर्ण नाव, लेखक, प्रकाशक आणि जमल्यास किंमत लिहावी. ‘चांगली पुस्तके आणा’ या ओळीचा कोणालाच उपयोग होत नाही.

मागणी लिहिली की पुस्तक लगेच येईल असे नाही. शासनाचे अनुदान हप्त्यांनी येते आणि खरेदी बहुधा त्यानंतर होते. ग्रंथालय संचालनालय दरवर्षी शासनमान्य ग्रंथांची यादी काढते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडूनही पुस्तकांच्या रूपाने साहाय्य मिळते. आपल्या ग्रंथालयाने त्या योजनेत भाग घेतला आहे का, हे कार्यवाहांना विचारता येते. दोन महिन्यांनी मागणीची आठवण करून द्यावी. एकाच पुस्तकाची मागणी चार वाचकांनी केली असेल, तर ती नाकारणे अवघड होते.

दिवाळी अंकांची योजना

काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक १९०९ साली काढला. तेव्हापासून वाढत गेलेली ही परंपरा आज घरी अंक विकत घेऊन सांभाळणे बहुतेकांच्या खिशाला परवडत नाही. ग्रंथालयाची दिवाळी अंक योजना म्हणूनच सर्वांत जास्त मोबदला देणारी सेवा आहे. ठरावीक रक्कम भरून वाचक दोन-तीन महिने अंक बदलून नेत राहतो. नोंदणी दिवाळीआधी करावी, कारण योजनेतल्या सभासदांच्या संख्येवर अंकांच्या किती प्रती घ्यायच्या हे ठरते. हे शुल्क नेहमीच्या वर्गणीहून वेगळे असते, आणि काही ग्रंथालये ही योजना सभासद नसलेल्यांनाही खुली ठेवतात. अंक ठेवून घेण्याची मुदत कमी असते, ती पाळावी. दोन आठवडे एकाच घरात पडून राहिलेला अंक दहा वाचकांच्या वाट्याचा जातो.

संदर्भ विभाग: सर्वांत कमी वापरली जाणारी खोली

जुन्या गावच्या ग्रंथालयाची खरी संपत्ती इथे असते. मराठी विश्वकोशाचे खंड, केतकरांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश, महादेवशास्त्री जोशी यांनी संपादित केलेला भारतीय संस्कृतिकोश, शब्दकोश, जिल्ह्याचे गॅझेटियर, समग्र वाङ्मयाचे संच आणि बांधून ठेवलेले जुने मासिकांचे अंक. ही पुस्तके घरी दिली जात नाहीत आणि ते योग्यच आहे. संचातला एक खंड हरवला की संच अपुरा होतो, आणि सुटा खंड बाजारात मिळत नाही.

या विभागात येताना प्रश्न नेमका करून यावे. ‘गावाच्या इतिहासावर काही आहे का?’ असे विचारण्यापेक्षा ‘गावातल्या जुन्या नगरपालिकेबद्दल, किंवा १९७२ च्या दुष्काळाबद्दल काही छापून आले आहे का?’ असे विचारले, तर ग्रंथपालाला कुठे हात घालायचा ते कळते. स्थानिक शाळांच्या आणि संस्थांच्या स्मरणिका, गावातल्या लेखकांनी स्वतः छापलेली पुस्तके, बंद पडलेल्या स्थानिक साप्ताहिकांचे अंक अशा गोष्टी महाजालावर सापडत नाहीत. त्या या कपाटात असतात. कागद ठिसूळ झालेला असेल, तर छायाप्रत काढण्याचा हट्ट धरू नये. सपाट ठेवून, झगझगीत दिवा न वापरता मोबाइलने फोटो घेण्याची परवानगी मागावी.

छायाप्रतीबाबत कायदाही माहीत असावा. भारतीय प्रताधिकार कायद्यानुसार वैयक्तिक वापरासाठी किंवा संशोधनासाठी वाजवी प्रमाणात भाग उतरवून घेता येतो. बाजारात उपलब्ध असलेली अख्खी कादंबरी झेरॉक्स करून घेणे त्यात बसत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी प्रताधिकार संपतो, आणि मग अडचण राहत नाही.

ग्रंथालयात विश्वकोशाचा खंड नसला तरी मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य वाचता येतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची अनेक पुस्तकेही तशीच मिळतात. ज्यांना मोबाइलवर शोधणे जमत नाही, त्यांनी ग्रंथालयातल्या संगणकावर हे उघडून दाखवण्याची विनंती करावी. शासनाने किंवा प्रतिष्ठानाने दिलेले संगणक वाचकांसाठीच असतात, फक्त कार्यालयीन टंकलेखनासाठी नव्हेत.

स्पर्धा परीक्षा अभ्यासिका

लहान गावात या सेवेला सर्वांत जास्त मागणी असते आणि वादही इथेच होतात. जागा मर्यादित असते, म्हणून प्रवेश क्रमाने, महिन्याच्या शुल्कावर किंवा चाळणी लावून दिला जातो. प्रतीक्षायादी लेखी आहे का, ती लावलेली आहे का, हे पाहावे. टेबलावर पुस्तके ठेवून दिवसभर जागा अडवण्याची सवय सोडावी. ती सर्वांनाच महागात पडते. मुलींसाठी बसण्याची वेगळी सोय, संध्याकाळी उशिरापर्यंतची वेळ आणि स्वच्छतागृह या तीन गोष्टी प्रवेश घेण्याआधी स्वतः जाऊन पाहाव्यात.

पुस्तके वापरताना आवृत्तीचे वर्ष पाहणे आवश्यक आहे, कारण कपाटातली जुनी पुस्तके इथे थेट नुकसान करतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आहे. त्याआधीचे फौजदारी कायद्याचे मार्गदर्शक आता परीक्षेसाठी निरुपयोगी आहेत. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली आहे, त्यामुळे बहुपर्यायी प्रश्नसंचांवर विसंबून चालत नाही. आयोगाच्या जुन्या प्रश्नपत्रिका आणि बालभारतीची पाठ्यपुस्तके महाजालावर फुकट मिळतात. त्यांच्या छापील संचांवर ग्रंथालयाचा पैसा खर्च करण्याऐवजी संदर्भासाठी नव्या आवृत्त्या मागाव्यात. ‘योजना’ आणि ‘लोकराज्य’ ही मासिके येत नसतील, तर त्यांची मागणी नोंदवावी.

मुले, ज्येष्ठ आणि दृष्टिबाधित वाचक

मुलाला बालविभागात नेताना पालकाने पुस्तक निवडून हातात देऊ नये. दोन पुस्तके मुलाने निवडावीत, एक हवे तर पालकाने सुचवावे. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते आहे. त्याचे बांधलेले जुने अंक असतील तर ते मागून घ्यावेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत कथाकथन, चित्रकला, हस्ताक्षर असे वर्ग अनेक ग्रंथालये घेतात. त्याची सूचना फलकावर वार्षिक परीक्षेच्या सुमारास लागते.

जिना चढता न येणाऱ्या ज्येष्ठांसाठी घरपोच पुस्तके देण्याची सोय काही ठिकाणी आहे. नसेल तर दुसऱ्या व्यक्तीला पुस्तक नेण्याचे लेखी अधिकारपत्र द्यावे. ते साध्या कागदावर चालते.

दृष्टिबाधित आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या व्यक्तींसाठी २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायद्यात स्पष्ट सूट आहे. पुस्तक श्राव्य, ब्रेल किंवा संगणकावर वाचता येईल अशा स्वरूपात करून घेता येते. २०१६ साली सुरू झालेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या महाजालावरच्या संग्रहाचे सभासदत्व अशा वाचकांना घेता येते. नोंदणीसाठी ग्रंथपालाची मदत मागावी. त्यासाठी ग्रंथालयाला पैसा लागत नाही, वेळ तेवढा लागतो.

कार्यक्रम

व्याख्यानमाला, लेखकभेट, ग्रंथप्रदर्शन, काव्यवाचन, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन असे कार्यक्रम वर्षभर चालतात आणि बहुतेक सर्वांसाठी खुले असतात. कार्यक्रम सुचवायचा असेल, तर दोन-तीन महिने आधी कार्यवाहांना पत्र द्यावे: विषय, वक्ता, अंदाजे खर्च, कोण जबाबदारी घेणार. खर्चाचा आकडा नसलेली सूचना बैठकीत पुढे ढकलली जाते. मोठ्या नावाच्या वक्त्यापेक्षा गावातल्या निवृत्त शिक्षकाचे, शेतकऱ्याचे, परिचारिकेचे त्यांच्या कामावरचे व्याख्यान कमी खर्चात होते आणि श्रोत्यांना प्रश्न विचारायला धीरही येतो.

सभागृह भाड्याने घेणे हा वेगळा व्यवहार आहे. भाडे, अनामत आणि वेळ लिहून घ्यावी, पावती घ्यावी. लग्नसमारंभासाठी सभागृह दिल्यामुळे वाचन कक्ष बंद राहात असेल, तर त्यावर वाचकांनी आक्षेप घ्यावा.

पुस्तके भेट देताना

घरातली रद्दी कमी करण्याचा हा मार्ग नव्हे. आधी यादी नेऊन दाखवावी आणि ग्रंथालयाला हवी तीच पुस्तके द्यावीत. जुनी पाठ्यपुस्तके, जुने मार्गदर्शक, वाळवी लागलेले खंड घेण्यास नकार देण्याचा ग्रंथपालाला अधिकार आहे. दिलेली पुस्तके दाखल नोंदवहीत ‘भेट’ म्हणून नोंदली जातात. देणगीपत्रावर तशी पोच घ्यावी. ‘वडिलांच्या नावाचे स्वतंत्र कपाट’ ही अट घालू नये, कारण त्यामुळे विषयाप्रमाणे मांडणी मोडते. पुस्तकाच्या पहिल्या पानावर नाव लिहून घेणे पुरेसे आहे. आयकरातली सवलत पैशांच्या देणगीवर मिळते, पुस्तकांवर नाही. तीही संस्थेकडे त्यासाठीची नोंदणी असेल तरच, आणि २,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिल्यास मिळत नाही.

तक्रार आणि माहितीचा हक्क

ग्रंथालय फलकावर लिहिलेल्या वेळेत उघडे नसणे, वर्गणी घेऊनही पावती न देणे, मुक्तद्वार विभाग बंद ठेवणे, वर्षानुवर्षे नवी पुस्तके न येणे या खऱ्या तक्रारी आहेत. त्या बोलून संपत नाहीत, लिहाव्या लागतात. पण बोट योग्य ठिकाणी ठेवावे. लहान ग्रंथालयांत ग्रंथपालाचा पगार फार तुटपुंजा असतो आणि बऱ्याचदा तो अनुदान येईपर्यंत थांबतो. वेळ अपुरी असण्याचे कारण त्या माणसाचा आळस नसून मंडळाने दुसरा कर्मचारी न नेमणे हे असू शकते. तक्रार ग्रंथपालाविरुद्ध आहे की व्यवस्थेविरुद्ध, हे आधी ठरवावे.

क्रम असा:

1. ग्रंथपाल, मग कार्यवाह, मग अध्यक्ष. प्रत्येक वेळी लेखी अर्ज, दुसऱ्या प्रतीवर पोच.
2. उत्तर न मिळाल्यास जिल्हा ग्रंथालय अधिकारी. मान्यता आणि अनुदानाच्या अटींचे पालन तपासणे हे त्यांचे काम आहे.
3. त्यानंतर विभागाचे सहायक ग्रंथालय संचालक.
4. निवडणूक, विश्वस्त, हिशेब, मालमत्ता यांबाबतचा वाद असेल तर धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय. ग्रंथालय अधिकाऱ्यांकडे असा वाद नेला, तर वेळ वाया जातो.

ग्रंथालयाने शासनाला पाठवलेला वार्षिक अहवाल, मिळालेले अनुदान आणि तपासणीचे शेरे ही माहिती जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयाकडे असते. संस्था स्वतः माहिती अधिकाराखाली येते की नाही, हा प्रश्न तिला मिळणाऱ्या अनुदानाच्या प्रमाणावर अवलंबून असल्यामुळे त्यात अडकण्यापेक्षा थेट त्या कार्यालयाकडे अर्ज करणे सोपे. अर्जाला १० रुपये शुल्क लागते, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला लागत नाही. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा. याच कारणाने बरेच अर्ज अडतात. उत्तर ३० दिवसांत यायला हवे. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करता येते, त्याचे शुल्क २० रुपये.

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना ग्रंथालयाच्या फलकावर लागते. मतदानाचा हक्क असलेल्या सभासदांनी त्याआधी हिशेबपत्रके मागून पाहावीत आणि त्यात एकच रकाना नीट वाचावा: वर्षात ग्रंथ व नियतकालिकांच्या खरेदीवर किती खर्च झाला. अनुदानाचा ठरावीक हिस्सा त्यासाठी वापरण्याचे बंधन असते. उरलेल्या चर्चेपेक्षा त्या एका आकड्यावर विचारलेला प्रश्न पुढच्या वर्षीच्या कपाटात दिसतो.

सभासदत्व सोडताना

बदली झाली किंवा गाव सोडले, तर कार्ड नुसते टाकून देऊ नये. थकबाकी वाढत जाते आणि अनामतीतून वळती होते. सगळी पुस्तके परत करून, वर्गणी त्या महिन्यापर्यंत भरून, अनामत परत मिळण्याचा अर्ज मूळ पावतीसह द्यावा. पावती हरवली असेल तर तसे लिहून द्यावे. ग्रंथालयाच्या नोंदवहीत रक्कम असते. पैसे लगेच न मिळता मंडळाच्या पुढच्या बैठकीनंतर मिळू शकतात, म्हणून गाव सोडण्याच्या महिनाभर आधी अर्ज करावा आणि बँक खात्याचा क्रमांक अर्जावर लिहावा. अनामत ग्रंथालयालाच देणगी म्हणून सोडायची असेल, तर तेही लेखी कळवून तिची वेगळी पावती घ्यावी.